दोन वेळचं जेवण म्हणजे भाडं नव्हे

९ नोव्हेंबर १९६६

...तरी सबनीससाहेबांचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, अपिलात काय दम नाही, माणसं खालच्या कोर्टात भांडून संपलेली असतात, आपण नुसते उरलेले कागद चिवडायचे. मला तर तेच आवडतं. कोणी रडत नाही, कुठला साक्षीदार घाबरून भलतंच बोलत नाही. सगळं बोलून झालेलं असतं, टाईप होऊन शिवलेलं असतं. त्यात कुठेतरी एक वाक्य असतं ज्यावर केस फिरते. ते सापडलं की झालं.

आज दादऱ्याच्या कुंपणाचं अपील जिंकलो. मुंबईच्या फर्मने मला इथल्या शाखेत सबनीससाहेबांच्या हाताखाली पाठवल्यापासून एकही हरलेलो नाही. साहेब म्हणाले, "कोठारे, हवेत जाऊ नका. समोरचा वकील तापाने फणफणला होता." असेल. ऑर्डरमध्ये ताप लिहिलेला नाही.

दमलोय मात्र. दादऱ्याचा अशील खुशीत मला जीपने घरी जेवायला घेऊन गेला आणि परत आणून सोडायला विसरला. सिल्वासापर्यंत पायी आलो. बुटांचा रंग ओळखू येत नाही. ही वही पुढे कोणी वाचलीच तर त्यांना कळावं, की जिंकलेला वकीलसुद्धा चालतच घरी येतो.

उद्या नवी फाईल. गजाननभाई विरुद्ध लीलाबाई. इथे जरा पंचाईत आहे, कारण मी लीलाताईंच्या खाणावळीतच जेवतो.

१० नोव्हेंबर

फाईल वाचली. आमलीच्या रस्त्याला गजाननभाईंचं घर आहे. म्हातारा एकटा, मागच्या खोलीत राहतो. फिरंगी अमलात जकात नाक्यावर कारकून होता. पुढच्या दोन खोल्या आणि ओसरी लीलाताईंकडे. त्यांचा नवरा रत्नागिरीहून इथल्या कचेरीत नोकरीला आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्या परत गेल्या नाहीत. ओसरीवर पाट मांडले आणि खाणावळ सुरू केली. मुंबई-कोकणातून बदली होऊन आलेले निम्मे मास्तर-कारकून तिथे जेवतात.

गजाननभाईंनी घर खाली करून मागितलं, कारण चुलीच्या धुराने भिंती काळ्या झाल्या. खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. म्हणे बाई भाडेकरू आहे, आणि भाडेकरूला जशी नोटीस द्यायला हवी तशी दिलेली नाही. आता अपील. अपील जिंकलं तर लीलाताईंना घर सोडावं लागेल, चुलीसकट. हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो.

साहेबांना सांगितलं की मी तिथे जेवतो. ते चष्म्यावरून बघत राहिले.

"मग उद्यापासून जेवू नका. समोरच्या पक्षाकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि गावात ह्या केसबद्दल कोणी काही बोललं तर ऐकायचं नाही. आपलं जग म्हणजे रेकॉर्ड."

आपलं जग म्हणजे रेकॉर्ड. मी हे टेबलावरच्या टीपकागदावर लिहून घेतलं.

१२ नोव्हेंबर

लीलाताईंना सांगायला गेलो. त्या भाकऱ्या थापत होत्या.

"उद्यापासून मी येणार नाही. गजाननभाईंचं अपील माझ्याकडे आलंय."

"कसलं अपील? ते अजून आहे होय?" मग हसल्या. "बरं. आज तर जेवून जा. कुळथाचं पिठलं केलंय."

मी नाही म्हटलं. भूक कडकडून लागली होती.

"बसस्टँडच्या हाटेलात जाऊ नका हां, कोठारेभाऊ. तो तेल बदलत नाही."

समोरच्या पक्षाचा हा काही डाव असेल का, असं क्षणभर वाटून गेलं. नंतर लाज वाटली. पण साहेब म्हणतात, वकिलाला असं वाटायलाच हवं.

यापुढे वहीतसुद्धा त्यांना रिस्पॉन्डंट, म्हणजे अपिलातला समोरचा पक्ष, एवढंच म्हणायचं ठरवलंय.

१३ नोव्हेंबर

हॉटेलवाला तेल बदलत नाही.

२५ नोव्हेंबर

पहिली तारीख. रिस्पॉन्डंट आली नाही. तिने समन्स स्वतःच्या हाताने घेतलंय, सही आहे. वकील नाही, कोणी नाही. आमचे गजाननभाईही आले नाहीत. त्यांनी यायलाच हवं असं नाही, वकीलपत्र माझ्याकडे आहे. साहेब म्हणतात, काही अशील असे असतात की वकिलावर एकदा भरवसा टाकला की निवांत. मला बरं वाटलं.

जज्जसाहेबांनी पुढची तारीख दिली. बाईला अजून एक संधी.

४ डिसेंबर, रविवार

जुलाब. मधुकरने मेथीचे दाणे आणून दिले. मधुकर सामंत माझा खोलीसोबती, हायस्कुलात गणित शिकवतो, मालवणकडचा. तो अजून तिकडेच जेवतो. काल रात्री ढेकर देऊन म्हणाला, "आज बांगडा होता." मी पाठ फिरवून झोपलो.

संध्याकाळी जरा बरं वाटलं म्हणून आमलीच्या रस्त्याने फेरी मारली. लांबून बघितलं, गजाननभाई रिस्पॉन्डंटच्या ओसरीवर बसून वालपापडी सोलत होते. मालकाने आपल्या मिळकतीवर लक्ष ठेवावं ते असं. कोर्टात येत नसले तरी माणूस जागा आहे.

१८ डिसेंबर

मधुकरशी वाजलं. तो म्हणाला, "अरे जयवंता, ती केस तू कशाला ओढतोयस? भाई पावसात आजारी पडला ना, तेव्हापासून तर—"

"थांब. केसबद्दल मला काही सांगायचं नाही."

"केसबद्दल नाही सांगत. भाईबद्दल सांगतोय."

"भाई म्हणजेच केस."

"मग लीलाताईबद्दल सांगतो."

"ती तर त्याहून केस."

"मेल्या, मग बोलू कशाबद्दल? तुझ्या जुलाबाबद्दल?"

मी त्याला नीट समजावलं. गावातल्या गप्पांनी वकिलाचं डोकं गढूळ होतं. रेकॉर्ड बंद झाल्यावर जे घडलं ते अपिलापुरतं घडलेलंच नाही. त्याने लाल पेन्सिलीला टोक केलं. मग म्हणाला, "तुमच्या वकिलीच्या शाळेत हे शिकवतात काय रे?" आणि पेपर तपासायला बसला.

११ जानेवारी १९६७

आज आर्ग्युमेंट झालं. लिहिण्याइतकं त्राण नाही, तरी लिहितो.

वाक्य मला आधीच सापडलं होतं. खालच्या कोर्टातल्या तिच्या उलटतपासणीत आहे. विचारलं, भाडं किती देता? ती म्हणाली, "भाडं असं ठरलेलं नाही. भाईंना दोन वेळचं जेवण देते." खालच्या जज्जांनी जेवण हेच भाडं धरलं आणि बाईला भाडेकरू केलं. मी म्हटलं, जेवण हे भाडं नव्हे. भाडं नाही म्हणजे भाडेकरू नाही. मालकाने राहू दिलं म्हणून ती राहत होती, आता तो नको म्हणतो. मग नोटिशीचा प्रश्नच येत नाही.

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग मिस्टर कोठारे, ही बाई एका परक्या म्हाताऱ्याला रोज दोन वेळ कशासाठी जेवू घालते?"

"माणुसकी म्हणून, युअर ऑनर."

त्यांनी ते लिहून घेतलं.

रिस्पॉन्डंटचं नाव शिपायाने तीनदा पुकारलं. कोणी नाही. व्हरांड्यात एक कुत्रं तेवढं उठून बसलं.

एक गोष्ट मनात टोचतेय ती लिहितो. भाडं पैशातच असावं असं कायदा म्हणत नाही. धान्य, चाकरी, मोलाची कुठलीही वस्तू चालते. समोर वकील असता तर त्याने उठून पहिल्यांदा तेच वाचून दाखवलं असतं, आणि मला घाम फुटला असता. पण समोर कोणी नव्हतं. जज्जसाहेबांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. साहेबांना परतताना विचारलं, सांगायला हवं होतं का? ते म्हणाले, "तुम्ही कोणाचे वकील?"

२५ जानेवारी

जिंकलो. अपील मंजूर. घराचा ताबा गजाननभाईंना.

ऑर्डरमध्ये माझं वाक्य जसंच्या तसं आलंय, की दोन वेळचं जेवण हा माणुसकीचा भाग असून ते भाडं नव्हे. साहेबांनी पेढे मागवले. मुंबईला फोन लावून माझं नाव सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण मी खुर्चीतच झोपलो. उठलो तेव्हा पेढ्यावर मुंग्या होत्या.

मधुकरला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." जेवायला जाताना चपला घालून दारात थांबला. "तिला कोण सांगणार?"

"कोर्टातून कळेल."

"म्हणजे कोणी नाही," म्हणाला आणि गेला.

२७ जानेवारी

आज सकाळी गजाननभाई ऑफिसात आले. साहेब वापीला गेले होते, मी एकटाच होतो. मी उठून हात जोडले. त्यांनी हात जोडले नाहीत.

"अपील कोणी चालवलं?"

"मीच, भाई. जिंकलो आपण."

"पण मी तर आलोच नाही."

"यायची गरज नसते. तुमचं वकीलपत्र आहे. प्रत्येक तारखेला मी होतो."

"प्रत्येक?"

"एकही चुकवली नाही."

म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ तिची घडी बोटांनी दाबत राहिला.

"मीच तिला बोललो होतो, तू जाऊ नको. तू जात नाही, मी जात नाही. दोघं गेलो नाही की फाईल झोपते. आमच्या वखतला असंच होतं. साहेब नाव पुकारायचा, कोणी हा बोललं नाही की कागद खाली टाकायचा. संपलं. दोघांनी ठरवून गैरहजर राहायचं म्हणजेच समझोता. सगळे तसंच करायचे."

"पण भाई, आम्हाला कळवायचं ना."

"काय कळवायचं? माणूस येत नाही म्हणजे त्याला नको, एवढं समजतं ना कोणालापण." मग हळूच म्हणाले, "पावसात मी पडलो होतो. मरत होतो बोला ना. तिने केलं सगळं. अंथरुणातलंसुद्धा. तेव्हाच बोललो तिला, छोड, राहा तू."

मधुकर हेच सांगत होता.

"फाडून टाका ती ऑर्डर," भाई म्हणाले.

"कोर्टाची ऑर्डर फाडून जात नाही. पण काळजी करू नका. आपण अंमलबजावणी मागितली नाही तर काहीच होत नाही. नुसती पडून राहील."

"किती दिवस?"

"बारा वर्षं."

"बारा वर्षं," ते म्हणाले. "म्हणजे त्याच्यात कधीपण?"

"कधीपण."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"मग एक नक्कल द्या मला. असू दे घरात."

२८ जानेवारी

साहेबांना सगळं सांगितलं. बाई गैरहजर राहिली ती आपल्याच अशिलाच्या सांगण्यावरून. हे कोर्टापुढे ठेवलं तर अपील पुन्हा ऐकावं लागेल.

"कोण ठेवणार कोर्टापुढे?" साहेबांनी विचारलं. "अशिलाने सांगितलंय का तसं?"

"नाही. त्याने फक्त नक्कल मागितली."

"मग झालं. हे बघा कोठारे, अशील ह्या खोलीत जे बोलतो ते ह्या खोलीतच राहतं. नाहीतर उद्या कोणी वकिलासमोर तोंड उघडणार नाही. आणि मिटलंय ना त्यांचं? मग उकरता कशाला?"

खरंच मिटलेलं आहे. ऑर्डर त्यांच्या ट्रंकेत राहील, खाणावळ चालू राहील. मी विचार केला, आता केस संपली, तर मी परत तिकडे जेवायला जायला हरकत नाही. गेलो नाही. का ते माहीत नाही. हॉटेलात उसळ आंबली होती, ती खाल्ली.

१७ फेब्रुवारी

निवडणुकीचे भोंगे दिवसभर. फाईल वाचता येत नाही.

मधुकर जेवून आला तो न बोलता बसला. ह्या वेळी मीच म्हटलं, "काय झालं? सांग."

"सांगू? केस आहे हां ती."

"सांग रे."

तर झालं ते असं. निवडणुकीच्या कामाला बाहेरून आलेली माणसं सगळी लीलाताईंकडे जेवायला. पंगतीवर पंगत. भाई नेहमीच्या वेळेला येऊन बसले, पाट रिकामा नाही. लीलाताई आतूनच म्हणाल्या, भाई, जरा थांबा, ह्यांना ड्यूटीवर जायचंय. भाई थांबले. दुसरी पंगत बसली, तरी ह्यांना ताट नाही. मग उठून म्हणाले, माझ्याच घरात मला शेवटच्या पंगतीला बसवतेस? लीलाताई घामाघूम. म्हणाल्या, घर तुमचं आहे, हात माझे दोनच आहेत.

"असं रोजच होतं रे," मधुकर म्हणाला. "भाई रुसतो, ती पापड भाजून देते, भाई जेवतो. पण आज तो आत गेला आणि कागद घेऊन आला. सगळ्या पंगतीसमोर वाचला. इंग्लिशमधला. एका पोलिंग ऑफिसरने मराठीत करून सांगितला."

"ताई काय म्हणाल्या?"

"काही नाही. वाढत होती ती वाढतच राहिली. भात संपेपर्यंत."

२३ फेब्रुवारी

दुपारी हॉटेलात गेलो तर कोपऱ्यातल्या बाकावर गजाननभाई. समोर पुरी-भाजी. मला बघून सरकले. बसावं लागलं.

"तुमीपण इथेच जेवता?"

"हो."

"तेल खराब आहे."

"हो."

थोडा वेळ दोघंही चावत राहिलो. मग त्यांनी स्वतःच काढलं. "तिने ताट बंद केलं माझं. मी गेलो तर बोलते कशी, कोर्टाने लिहिलंय जेवण म्हणजे माणुसकी. भाडं असतं तर द्यावंच लागलं असतं. माणुसकी माझी आहे, ठेवीन नाहीतर काढीन." त्यांनी पुरी ताटात टाकली. "हे माणुसकीचं कोणी घातलं त्या ऑर्डरमध्ये?"

"मी म्हटलं होतं. जज्जसाहेबांनी उतरवून घेतलं."

म्हाताऱ्याने बोटं सदऱ्याला पुसली. "चांगलं बोलता तुम्ही," म्हणाला. टोमणा होता की काय, कळलं नाही.

मी म्हटलं, "भाई, तुम्ही जाऊन एक शब्द बोला. मिटेल."

"मी जाऊ? कागद माझ्याकडे, आणि मी जाऊ?"

"कागद नव्हता तेव्हा जात होता ना?"

"तेव्हा कागद नव्हता," ते म्हणाले. त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही.

४ मार्च

भाई आज ऑफिसात आले ते सरळ साहेबांकडे. घर खाली करून द्या. साहेबांनी मला आत बोलावलं.

मी विचारलं, "खाली करून काय करणार, भाई? भाड्याने देणार?"

"नाही."

"मग स्वतः राहणार पुढे?"

"नाही. कुलूप लावणार."

"आणि जेवणार कुठे?"

"तुमच्याबरोबर," ते म्हणाले. साहेब हसले. भाई हसत नव्हते. डोळे खोल गेलेत त्यांचे, सदऱ्याची कॉलर मळलेली. हॉटेलचं जेवण आम्हा दोघांनाही मानवत नाहीये.

ते गेल्यावर मी साहेबांना म्हटलं, रागात आहेत, दोन आठवडे थांबू. साहेब म्हणाले, "थांबलो आणि बाई मुंबईला हायकोर्टात गेली तर? नव्वद दिवस आहेत तिच्याकडे. एप्रिलअखेरपर्यंत दार उघडं आहे. तुमचा तो जेवणाचा पॉइंट हायकोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्याआधी ताबा घेतलेला बरा. ताब्याची दरखास्त तयार करा."

तयार केली. पानभर मजकूर. घाम गाळून अपील लिहिलं होतं, आणि माणसाला बाहेर काढायचा अर्ज किती सोपा असतो. नावं भरायची, घराच्या चार बाजूंना काय आहे ते लिहायचं. पूर्वेला आमलीचा रस्ता. पश्चिमेला चिंच.

८ मार्च

ताप. काही नाही लिहीत.

११ मार्च, शनिवार

दरखास्त सोमवारी दाखल होणार. पण आज जे झालं त्यानंतर कदाचित तिची गरजच पडणार नाही.

ऊन उतरल्यावर लीलाताई आमच्या खोलीवर आल्या. पहिल्यांदाच. मधुकर शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलेला. मी अंथरुणातून उठलो, खुर्ची दिली. बसल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"वाळलात हो कोठारेभाऊ," म्हणाल्या. मग, "एकच विचारायचं आहे. ह्या कोर्टाच्या वर कोणी असतं का?"

मी म्हटलं, "लीलाताई, मी समोरचा वकील आहे. मला विचारू नका. तुम्ही वकील करा."

"गेले होते. माझा आधीचा वकील सुरतेला गेला राहायला. इथले दोघं म्हणाले, सबनीससाहेबांच्या विरुद्ध आम्ही उभे राहत नाही. पुढे बोललेच नाहीत. भाईंना विचारलं, ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, संपलं आता. मधुकर मास्तरही म्हणाले, अपील झालं म्हणजे संपलंच असणार. मग तुम्हीच राहिलात."

मी दाराला टेकलो.

"तुमच्यावर राग नाही माझा. तुमचं काम ते. तारखेला जाऊ नको म्हणून भाई म्हणाले, मी ऐकलं. माझंच चुकलं म्हणायचं. पण एक सांगते, मी त्या माणसाचं काही मनात ठेवलेलं नाही. तो कागद आणला नसता तर त्या दिवशी शेवटचा बांगडा त्याच्यासाठीच झाकून ठेवला होता."

मी सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं.

"खेरडीला एक ओळखीच्या बाई आहेत, त्या म्हणतात ये, पडवी रिकामी आहे. तिथे कोण जेवायला येणार म्हणा, पण पाऊस लागायच्या आत छप्पर तर हवं. गाडीवाल्याला उद्या सकाळी बोलावलंय. पातेली, पाट, सगळं नेते." त्यांनी पदर खांद्यावर घेतला. "वर कोणीच नसेल तर पोलीस येऊन भांडी रस्त्यावर टाकेपर्यंत का थांबू? असेल, तर थांबते. सकाळी गाडी आली की जाताजाता येते मी. जास्त काही सांगू नका. हो की नाही, एवढंच."

गेल्या. मी दाराला टेकून उभा होतो ते बसलो.

आता हे लिहितोय. ही काही गुप्त गोष्ट नाही. मुंबईला हायकोर्ट आहे हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं, फक्त ते आपल्यासाठी आहे हे लीलाताईंना कोणी सांगितलेलं नाही. त्या स्वतःहून गेल्या की ताबा आपोआप भाईंचा. हायकोर्ट, नव्वद दिवस, जेवणाचा पॉइंट, सगळं नुसतं कायद्याच्या पुस्तकात राहील. आणि मी हो म्हटलं, तर ज्याने माझ्यावर भरवसा टाकून सही केली त्याच्या विरुद्ध मीच समोरच्या पक्षाला दार दाखवलं असं होईल. साहेब मला ठेवणार नाहीत, आणि ते चूक नसतील. उद्या दुसऱ्या कोणाच्या वकिलाने असं केलं तर मीच त्याला नावं ठेवीन.

पण मघाशी एक वेगळंच डोक्यात आलं. हो म्हटलं तर जिंकतं कोण? लीलाताई मुंबईला जातील, वर्षानुवर्षं केस चालेल, भाई हॉटेलात जेवत राहतील, आणि कागद दोघांकडेही होतील. नाही म्हटलं तर भाईंच्या ओसरीला कुलूप. सकाळी दार न उघडता पडून राहावं असंही वाटलं. पण इथल्या माणसांचा हिशोब मला आता कळलाय. कोणी बोललं नाही की ती त्याचा अर्थ लावून मोकळी होतात. मी गप्प बसलो तर लीलाताई ते नाही असंच समजतील आणि गाडीवाल्याला चल म्हणतील.

मधुकर आला वाटतं. त्याच्या चपला वाजल्या. तो म्हणेल, सांगून टाक. साहेब म्हणतील, तुम्ही कोणाचे वकील. दोघांचंही उत्तर मला पाठ आहे, म्हणून त्यांना विचारत नाही. तुम्ही, जे कोणी ही वही हातात घेऊन बसला आहात, तुमचा ह्यात काही संबंध नाही, तुम्ही ना त्या ओसरीवर जेवलात ना भाईंच्या वकीलपत्रावर तुमचं नाव आहे. सकाळी ती बाई तुमच्या दारात उभी राहिली असती, तर तुम्ही तिला काय सांगितलं असतं?